लग्नाचा शब्द पुन्हा देताना

शिनोलीसारख्या गावात एखाद्या घरी आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होतात. मुलं म्हणतात, "यंदा तुमचं लग्न पुन्हा लावू." मग मांडव, हार, जेवण, पाहुणे यांची यादी होते. या यादीत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. दोघांनी एकमेकांना पुन्हा द्यायचा तो शब्द कोणता?

आपल्याकडे साठीशांत आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे. तमिळनाडूत तिरुक्कडैयूरच्या देवळात साठीला पोचलेली जोडपी पुन्हा मंगळसूत्र बांधतात. पण हे सारे सोहळे आयुष्याच्या टप्प्याचे आहेत. लग्नातल्या वचनाचं काय? ब्राह्मणी विधीत वर 'नातिचरामि' म्हणतो, म्हणजे मी मर्यादा ओलांडणार नाही. हे वचन मागतो वधूचा पिता. वधू गप्पच असते. आणि संस्कृत न येणाऱ्या वराला आपण काय कबूल केलं, हेही पुष्कळदा कळत नाही. जे कधी उमजलंच नाही, ते पन्नास वर्षांनी पुन्हा म्हणायचं तरी कसं?

हा प्रश्न जोतीराव फुले यांनी फार पूर्वी हाती घेतला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, हुंडा नाही. पुढे १८८७ साली जोतीरावांनी समाजाचे पूजाविधी मंगलाष्टकांसह छापले. ही मंगलाष्टकं मराठीत आहेत आणि वधूवरांनी स्वतः म्हणायची आहेत. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते आणि वराकडून वचन घेते. लग्नात नवरी तोंड उघडून अट घालते, ही त्या काळी केवढी गोष्ट!

ही चळवळ पुण्यातच राहिली नाही, बरं का. ती आपल्या जुन्नर तालुक्यात आली. माळशेजच्या वाटेवरचं ओतूर आपणांस ठाऊक आहेच. तिथे १८८४ च्या सुमारास बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीवाचून लग्नं लावली. त्या काळी जोशीपण हे वतन होतं. विधी कोणीही करो, गावातल्या लग्नाची दक्षिणा हा आपला हक्क, असं जोशी मानीत. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १८९० साली निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जोतीराव वारले.

पुढे कायदाही त्या वाटेने आला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात वर आणि वधू दोघांनीही, तीन साक्षीदारांसमोर, एकमेकांचा स्वीकार केल्याचे शब्द उच्चारावे लागतात. १९६७ साली मद्रास राज्याने पुरोहिताविना लागलेल्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली.

तेव्हा घरी असा सोहळा ठरत असेल तर काय करावं? कायद्याने आपले आईवडील पतिपत्नी आहेतच. म्हणून मुहूर्त किंवा लग्न लावणारा कोणी हवाच, असं काही नाही. आधी आईला विचारा, तिला हे हवं आहे का. मग आठ दिवस अगोदर दोघांना निवांत बसवा आणि त्यांचे शब्द त्यांनाच ठरवू द्या. चार-पाच वाक्यं पुरेत. लिहिता येत नसेल तर नातवंडांनी लिहून घ्यावं. गावच्या गुरुजींनी मदत करावी, पण वाक्यं सुधारू नयेत. पहिल्यांदा आईने बोलावं. उखाणा घ्यायचा तर खुशाल घ्यावा, मात्र तेवढ्यावर भागवू नये. ती बोलत असताना कर्ण्यावरची गाणी बंद असावीत.

आणि शब्दामागे काही कृती असावी. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपणहून काही जमीन पत्नीच्या नावे करावी, हे तिचं सांगणं. १९९२ साली शासनानेही सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचं नाव लावण्यासाठी आदेश काढला. पन्नास वर्षं जिने खुरपणी केली, कापणी केली, दावणीची गुरं सांभाळली, तिचं नाव आपल्या उताऱ्यावर आहे का? नसेल तर मांडवाच्या खर्चाचा हिशोब करण्याआधी एकदा तलाठ्याकडे जाऊन या. सोहळ्याच्या दिवशी तो नवा उतारा तिच्या हाती ठेवा. दिलेला शब्द खरा असल्याची खूण तिला त्यात दिसेल.