आज्ञापत्रातील बांधकामनीती

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वर्गात शिकवले जाते ते बहुधा जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून. आम्हीही ते तसेच शिकवत आलो. परंतु दुर्ग आणि आरमार ही प्रकरणे पुन्हा वाचताना जाणवले, की बांधणाऱ्याच्या हाती सत्ता असताना त्याने कोठे थांबावे, याचाही विचार या ग्रंथात आहे.

इ. स. १७१५ मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी हा ग्रंथ सिद्ध झाला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेले आणि १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेल्यावर महाराष्ट्रातील कारभार सांभाळणारे अमात्य तो लिहीत होते. मोगली वेढ्यांचा अनुभव त्यांच्या गाठी होता. म्हणूनच गडावर आधी पाणी पाहावे आणि मग इमारत, असा त्यांचा क्रम आहे. पाणी नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकी बांधावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तोफांच्या हादऱ्याने तो आटू शकतो, म्हणून राखीव साठा असावा. गडावरचा केर खाली न टाकता जागीच जाळावा आणि त्याच्या राखेवर परसात भाजीपाला करावा, इतक्या बारकाव्यापर्यंत ही दृष्टी जाते.

या विचाराची खरी कसोटी लागते ती आरमाराच्या लाकडाशी. आंबा व फणस ही झाडेही जहाजांच्या उपयोगाची. तरी त्यांना हात लावू नये, अशी आज्ञा आहे. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

येथे भाबडेपणा नको. मनाई करावी लागली, त्याअर्थी जबरीने तोड होत असणार. आज्ञा सर्वत्र पाळली गेली, असे या ग्रंथावरून सिद्ध होत नाही. तरीही राज्याची निकड आणि रयतेचे दुःख एका तागडीत तोलण्याची तयारी त्यात दिसते.

महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाचे वय जितके वर्षांचे तितकी रोपे लावण्याची अट आली. वयाची दखल घेतली गेली, हे चांगलेच. पण साठ वर्षांचे एक झाड आणि एकेका वर्षाची साठ रोपे यांचे गणित जुळते का? अमात्यांनी झाडाचे वय रोपांत मोजले नाही; ते वाढवणाऱ्याच्या आयुष्यात मोजले. म्हणून त्यांच्या हिशेबात मोलाच्या आधी संमती येते. आजच्या बांधकामाच्या हिशेबात नेमका हाच रकाना बहुधा कोरा राहतो.