तारानिर्मिती : गुरुत्वाकर्षण आणि संक्षोभ

दीर्घिकेतील थंड वायू स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसून त्याचे तारे बनतात. तारे बनतात हे नवल नाही. ते इतके कमी का बनतात, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला कुठवर तोलून धरतो, याची मर्यादा जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडली. हा थंड वायू ज्या रेणवीय मेघांत असतो, त्यांचे तापमान जेमतेम १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. एवढ्या थंड वायूचा दाब अगदीच तोकडा असतो, त्यामुळे हे मेघ काही दशलक्ष वर्षांतच ढासळायला हवेत. आपल्या आकाशगंगेत असा वायू सुमारे १०० कोटी सूर्यांइतका आहे. तो मुक्तपणे कोसळला, तर दरवर्षी शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे जन्मतील. प्रत्यक्षात बनतात ते जेमतेम दोन सूर्यांच्या वस्तुमानाचे.

ही तफावत बऱ्याच अंशी संक्षोभामुळे, म्हणजे वायूच्या अनियमित घुसळणीमुळे पडते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५१ मध्येच संक्षोभाला जीन्सच्या निकषात जास्तीचा दाब म्हणून स्थान दिले. मेघ जितका मोठा तितकी आतली गती जास्त, हे रिचर्ड लार्सन यांनी १९८१ मध्ये दाखवले. या मेघांत ध्वनीचा वेग सेकंदाला ०.२ किलोमीटरच्या आसपास असतो, तर वायू कित्येक किलोमीटर वेगाने धावतो. अशा स्वनातीत प्रवाहांच्या टकरींतून आघात तरंग उठतात, वायू दाबला जाऊन त्याचे दाट तंतू होतात आणि तिथे गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. सबंध मेघाला कोसळू न देणारा संक्षोभच त्याच्या काही भागांत ताऱ्यांची बीजे पेरतो.

ही घुसळण लवकर विरते. तिला सतत ऊर्जा लागते. अतिदीप्त नवताऱ्यांचे स्फोट, तारकीय वारे, दीर्घिकेच्या चकतीचे विभेदी परिभ्रमण (आतल्या-बाहेरच्या भागांचे वेगवेगळ्या गतीने फिरणे) आणि बाहेरून येणारा वायू ती पुरवतात. यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर एकमत नाही. चुंबकीय क्षेत्रेही आकुंचनाला अडवतात.

हा तोल मेघागणिक वेगळा असतो. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली नुसत्या डोळ्यांनी एक पुसट ठिपका दिसतो. ही सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरची अभ्रिका. तिच्यामागच्या, सुमारे १ लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या मेघात हजारो तरुण तारे आहेत. आकाशगंगेच्या केंद्राजवळचा ‘ब्रिक’ मेघ साधारण तितकाच जड आणि कितीतरी दाट, तरी त्यात तारे जवळपास नाहीतच. केंद्राभोवतीचे अपरूपण, म्हणजे शेजारच्या थरांच्या वेगांतील फरक, तिथल्या वायूला दाबण्याऐवजी भोवऱ्यांत फिरवत ठेवते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.