संशोधन अणुभट्टीवरील न्यूट्रॉन-उपकरणे आणि इंदूर : एक ऐतिहासिक मागोवा

इंदूरच्या राजवाड्यापासून दक्षिणेला खंडवा रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे आवार आहे. याच आवारात विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या वैज्ञानिक संशोधन संघाचे मुख्यालय आहे. होळकरांच्या या नगरीत संशोधन अणुभट्टी नाही. तथापि, मुंबईतील ट्रॉम्बे येथील 'ध्रुव' अणुभट्टीवरील एका उपकरणाचा इतिहास इंदूरचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

अणुभट्टीतून बाहेर येणारे मंदगती न्यूट्रॉन पदार्थावर सोडले असता ते निरनिराळ्या कोनांत विखुरतात. या क्रियेस न्यूट्रॉन प्रकीर्णन म्हणतात. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात, म्हणून हायड्रोजनसारखा हलका अणू त्यांना जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रॉन अणुकेंद्रामुळे विखुरतो, शिवाय तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. त्यामुळे हलक्या अणूंचे स्थान आणि पदार्थातील चुंबकीय रचना या दोन्हींचा शोध त्याच्या साहाय्याने घेता येतो.

भारतात या कार्याचा पाया १९५० च्या दशकात घातला गेला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक कार्यान्वित झाली. त्याच सुमारास पी. के. अय्यंगार हे कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासमवेत काम करीत होते. जर्मेनियम स्फटिकातील अणूंच्या कंपनांविषयीचा त्या दोघांचा शोधनिबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रॉकहाउस यांना पुढे १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मायदेशी परतल्यावर अय्यंगार यांनी ट्रॉम्बे येथे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा गट उभा केला. १९६० मध्ये ४० मेगावॅट क्षमतेची 'सायरस' अणुभट्टी सुरू झाली आणि या गटाला अधिक प्रखर झोत उपलब्ध झाला. तयार उपकरणे परदेशातून मागविण्याऐवजी ती येथेच घडविण्याची परंपरा याच काळात रुजली. १९६० च्या दशकात भारतीय बनावटीचा न्यूट्रॉन वर्णपटमापक फिलिपिन्समधील अणुभट्टीवरही बसविण्यात आला, ही बाब विशेष उल्लेखनीय होय.

८ ऑगस्ट १९८५ रोजी १०० मेगावॅटची स्वदेशी 'ध्रुव' अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिच्या उभारणीत महत्त्वाचा वाटा असलेले डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म इंदूरच्या शेजारच्या निमाड भागातील बडवानी येथे १९४३ साली झाला. आरंभी इंधन-समुच्चयांच्या कंपनांमुळे अडचणी आल्या. त्या दूर करून १९८८ मध्ये अणुभट्टी पूर्ण क्षमतेने चालू लागली.

उपकरणाच्या आराखड्यातील मुख्य प्रश्न न्यूट्रॉनांच्या टंचाईचा असतो. 'ध्रुव'मध्ये दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला कमाल सुमारे १८० लाख कोटी न्यूट्रॉन जातात; फ्रान्समधील ग्रनोबल येथील अणुभट्टीत हाच आकडा सुमारे १५०० लाख कोटी आहे. शिवाय यातील अत्यल्प भागच नमुन्यापर्यंत पोहोचतो. झोत भिंतीबाहेर आणणे, त्यातून एकाच तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडणे आणि अचूकतेसाठी त्याला अरुंद फटींतून जाऊ देणे, या प्रत्येक टप्प्यावर न्यूट्रॉन गमवावे लागतात. अचूकता वाढविली की झोत क्षीण होतो. झोत वाढविला की अचूकता ढळते. या दोहोंचा मेळ घालणे हेच आराखडा करणाऱ्याचे कसब असते.

विद्यापीठांतील संशोधकांना अशा सुविधा खुल्या व्हाव्यात म्हणून १९९० च्या सुमारास इंदूरचा उपरोक्त संघ आंतरविद्यापीठीय केंद्राच्या रूपाने आकारास आला. मुंबई आणि कोलकाता येथेही त्याची केंद्रे निघाली. मुंबई केंद्राने 'ध्रुव'वर चूर्ण-नमुन्यांसाठी स्वतःचा विवर्तनमापक उभारला. त्यात सपाट स्फटिकाऐवजी सिलिकॉनचा वाकविलेला स्फटिक वापरला आहे. अंतर्वक्र आरसा प्रकाश एकवटतो त्याप्रमाणे हा स्फटिक १.४८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे न्यूट्रॉन लहानशा नमुन्यावर एकवटतो. स्फटिकाची वक्रता योग्य ठेवल्यास अचूकता टिकते आणि फटींमध्ये होणारा अपव्यय टळतो. विखुरलेले न्यूट्रॉन कोठे पडले हे सांगणारे शोधक एकाच वेळी अनेक कोनांतील नोंद घेतात, त्यामुळे वेळही वाचतो. सिरुगुरी, बाबू, गुप्ता, पिंपळे आणि गोयल यांनी या उपकरणाचे वर्णन २००८ मध्ये 'प्रमाण' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

सारांश, अणुभट्टीची शक्ती कमी असली तरी आराखड्यातील कल्पकतेने उणीव बऱ्याच अंशी भरून काढता येते, असे हा इतिहास दर्शवितो. त्याची दुसरी बाजू शिक्षकांशी निगडित आहे. पहाऱ्यातील अणुभट्टीपर्यंत लहान गावातील महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला एकट्याने पोहोचणे दुरापास्त असते. संघाकडे प्रस्ताव पाठवून तो मान्य झाल्यास त्याचा नमुना तेथवर पोहोचू शकतो. ज्या शिक्षकाला अशा सोयीची माहितीच नसते, त्याचे विद्यार्थी न्यूट्रॉनचा झोत पाठ्यपुस्तकातील आकृतीतच पाहतात. म्हणून ही माहिती पदव्युत्तर वर्गांपर्यंत आणि लहान महाविद्यालयांपर्यंत जाणे, हा संघ ज्या हेतूने स्थापन झाला त्याचाच एक भाग होय.