तळटीप : लियोंचे बूशों

* बूशों — ग्रंथकर्त्याने येथे ज्याचा ओझरता उल्लेख केला आहे ते हे भोजनगृह म्हणजे फ्रान्समधील लियों शहरी रूढ असलेले बिस्त्रोचेच एक रूप होय. आणि त्याची मातब्बरी आचाऱ्याच्या कसबाइतकीच भोवतालच्या मुलखाच्या पैदाशीवर अवलंबून असल्यामुळे, ब्रेस परगण्यातील पांढऱ्या पिसांची व निळसर पायांची कोंबडी, दोंबच्या तळ्यांतील मासळी आणि बोजोलेच्या टेकड्यांवरील द्राक्षासव यांवाचून तेथील भोजनाची कल्पनाच करवत नाही. या पाकपरंपरेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मुख्यत्वे स्त्रियांनी, ज्यांतील कित्येकींनी प्रथम धनिकांच्या मुदपाकखान्यात चाकरी केली होती. त्यांपैकी युजेनी ब्राझिए यांनी १९२१ साली लियोंमध्ये स्वतःचे भोजनगृह थाटले, आणि १९३३ साली त्यांच्या या व पुढे काढलेल्या दुसऱ्या अशा दोन्ही भोजनगृहांस मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे प्राप्त झाले. ब्रेसच्या कोंबडीच्या त्वचेखाली त्रुफ या भूमिगत कवकाच्या काळ्याभोर चकत्या अलगद सरकवून ती मंद आचेवर सारात शिजवण्याची त्यांच्या पाकशाळेतील कृती, आमच्या मते, उत्तम जिन्नसास मसाल्याने झाकू नये या विवेकाचा आदर्शच आहे. या कोंबडीच्या नावास १९५७ च्या कायद्याने संरक्षण दिले असून, नेमलेल्या हद्दीबाहेर वाढविलेली कोंबडी त्या नावाने विकता येत नाही.