काचबिंदूवरचा थेंब घरी कसा आला?

काचबिंदूवरचा बराचसा उपचार दवाखान्यात होत नाही, तो घरी होतो. डॉक्टर काही महिन्यांनी एकदा डोळा तपासतात. मधले सगळे दिवस ठरल्या वेळी औषध घालायचे ते रुग्णाने किंवा घरातल्या माणसाने. ही जबाबदारी घरावर कशी आली, याचा इतिहास मनोरंजक आहे.

आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म जाळीतून बाहेर जातो. निचरा नीट झाला नाही की डोळ्यातला दाब वाढतो. बहुतेकांमध्ये हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. वाढलेल्या दाबामुळे दृष्टिचेतेचे तंतू मरू लागतात. काहींच्या बाबतीत दाब नेहमीइतका असूनही ही हानी होते. मेलेले तंतू पुन्हा जिवंत होत नाहीत.

१८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बुबुळाचा लहान तुकडा कापून काढल्यास काचबिंदूचा तीव्र झटका आवरता येतो, हे दाखवून दिले. उपचार मिळाला, पण तो शस्त्रवैद्याच्या हाती होता.

थेंबाची वाट निघाली ती पश्चिम आफ्रिकेतून. आज नायजेरियात असलेल्या कॅलाबार भागात आरोपीला एका विषारी शेंगेच्या बिया खायला घालून दिव्य करायला लावीत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी! एडिंबरोच्या वैज्ञानिकांनी या बियांचा अभ्यास केला. त्यांच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, हे डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून सांगितले. पुढच्याच वर्षी त्यातले फायसोस्टिग्मिन वेगळे काढण्यात आले. १८७६ मध्ये स्ट्रासबुर्गचे लुडविग लाकर यांनी ते काचबिंदूवर वापरले. बाहुली आकसली की बुबुळ ताणले जाते व निचऱ्याची वाट मोकळी होते. लाकर यांना स्वतःलाच काचबिंदू होता आणि हे औषध त्यांनी आपल्याही डोळ्यांत घातले. वैद्य आणि रुग्ण एकच!

याच सुमारास ब्राझीलमधल्या जाबोरांडी वनस्पतीपासून मिळालेले पायलोकार्पिन आले. ते दिवसातून चार-चार वेळा घालावे लागे, शिवाय नजर अंधूक होई. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टिमोलॉल दिवसातून दोनदा पुरू लागले, तर १९९६ मधले लॅटानोप्रोस्ट रात्री एकदाच. औषधाची वेळापत्रके अशी सोपी होत गेली, पण रोजचा नेम मात्र सुटला नाही. तो पाळणे अवघड, कारण सर्वांत आढळणाऱ्या प्रकारात डोळा दुखत नाही आणि थेंबाने नजर सुधारतही नाही. आहे ती टिकते, एवढेच. हे 'एवढेच' किती मोलाचे आहे? दाब वाढलेल्या, परंतु काचबिंदू न झालेल्या लोकांचा अमेरिकेत अभ्यास झाला. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना.

थेंब घालण्याची रीतही शिकावी लागते. हात धुवावेत, मान मागे करून खालची पापणी ओढावी, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता एकच थेंब टाकावा. नंतर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे हलके दाबावा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी जाते. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे. दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, कारण टिमोलॉलने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. आपल्या मनाने औषध बंद करू नये. डोळा एकाएकी खूप दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्याकडे घरातल्या वृद्धांना दिसेनासे झाले की "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू" असे म्हणून थांबतात. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. हा फरक वर्गात जरूर सांगावा. काचबिंदू झालेल्यांच्या भावंडांना व मुलांना तो होण्याचा धोका अधिक असतो. त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. आजीच्या डोळ्यात रोज थेंब घालण्याचे काम तर शाळकरी नातवंडही नीट शिकून करू शकते.