दोन टिंबांची जागा

जर्मन शिकत होतो तेव्हाची गोष्ट. विंडोजमध्ये नव्या शब्दांची यादी टंकून ठेवली होती. तीच फाईल एकदा डॉसच्या काळ्या पडद्यावर उघडली. 'श्योन' म्हणजे सुंदर. यातल्या 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबे असतात. पडद्यावर तिथे चक्क भागाकाराचे चिन्ह! टिंबवाल्या 'आ'च्या जागी ग्रीक सिग्मा. मला वाटले, फाईल बिघडली. फाईल धडधाकट होती. भांडण होते दोन तक्त्यांचे, आणि ते बरेच जुने आहे.

जर्मनमध्ये आ, ओ आणि ऊ या तीन स्वरांवर ही टिंबे येतात. जुन्या हस्ताक्षरात स्वरावर बारीक 'ए' लिहीत. त्याच्या दोन रेघा उरल्या, पुढे टिंबे झाली. ती पुसली की 'सुंदर'चे 'आधीच' होते. चौथे अक्षर 'एस्त्सेट'. त्याच्या जागी दोन 'एस' टाकले तर 'बेताने प्या'चे 'भरमसाट प्या' होते. आता बोला!

१९६३ साली अमेरिकेत आस्की हा संकेत ठरला. सात बिटांचा, म्हणजे एकूण १२८ जागा. त्यात या चार अक्षरांना ठाव नव्हता. जर्मनांनी आपल्या डीआयएन ६६००३ या प्रमाणकात चौकटी कंस, महिरपी कंस, उभी रेघ अशा चिन्हांना उठवून तिथे आपली अक्षरे बसवली. पत्रे शुद्ध झाली, पण 'सी' भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला महिरपी कंसाच्या जागी टिंबवाला 'आ' दिसू लागला. एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याला उठवावे लागे.

१९८१ च्या आयबीएम पीसीने २५६ जागा दिल्या. त्याच्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात टिंबवाला 'आ' १३२ व्या घरात राहतो. १९८७ च्या लॅटिन-१ मध्ये तोच २२८ व्या घरात, आणि विंडोजनेही तेच घर धरले. ४३७ मध्ये २२८ वर राहतो सिग्मा. माझ्या यादीचे कोडे इथे सुटले.

म्हणून मजकुरी पडद्यावर जर्मन आणायचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कोणती कळ कोणते अक्षर देते, त्या अक्षराचा आकडा कोणता, आणि त्या आकड्याला पडद्यावर चित्र कोणते. डॉसमध्ये 'कीब जीआर' म्हटले की कळफलक जर्मन होई (वाय आणि झेड जागा बदलत, बोटे गोंधळत!) आणि 'सीएचसीपी'ने तक्ता बदले. लिनक्सच्या कन्सोलवर कळांसाठी 'लोडकीज', चित्रांसाठी 'सेटफॉन्ट'. आकड्यांचा तंटा मिटवला तो १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ ने. त्यात कुणालाच उठावे लागत नाही.

हे वाचताना मला आमचा गोवा आठवतो. पोर्तुगीज 'सांव'मधल्या 'आ'वर नागमोडी रेघ असते, आपल्या अनुस्वारासारखी नाकातला उच्चार सांगणारी. तिच्यासाठी डॉसमध्ये ८६० क्रमांकाचा वेगळा तक्ता होता.

आणि आपली देवनागरी? व्हीजीएच्या मजकुरी पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चित्रे ठाऊक, प्रत्येक आपल्या ठरावीक चौकोनात. आपली जोडाक्षरे शेजाऱ्याला बिलगतात, वेलांटी मागे उडी मारते. लिनक्सच्या त्या काळ्या कन्सोलवर 'श्री' आजही नीट उमटत नाही. जर्मनांचा प्रश्न चार अक्षरांना घर देण्याचा होता. आपला, घराचा नकाशाच बदलण्याचा.

तरीही त्यांच्याकडून एक गोष्ट शिकावी. यंत्राला जमत नाही म्हणून त्यांनी आपली टिंबे सोडून दिली नाहीत.