विषाणू चाचणी, रुग्णमुक्तीपूर्व (कोविड-१९)

बऱ्या होत असलेल्या रुग्णाच्या शरीरात विषाणूचा अंश उरला आहे का, हे पाहण्यासाठी केलेली प्रयोगशालेय तपासणी.

इतिहास : मार्च २०२० मध्ये इंदूरमध्ये कोविड-१९चे रुग्ण आढळले. शहरात महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले जात. रुग्णाला घरी सोडण्यासाठी तेव्हा २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निगेटिव्ह येणे आवश्यक होते.

स्वरूप : नाक-घशातील स्रावातून आरएनए वेगळे करून त्याचे डीएनएत रूपांतर करतात व चक्रागणिक त्याच्या प्रती वाढवतात (→ पॉलिमरेज शृंखला विक्रिया). नमुन्यात विषाणू जितका कमी, तितकी जास्त चक्रे लागतात. मृत विषाणूचे तुकडेही चाचणीत पॉझिटिव्ह दिसतात. विषाणू जिवंत आहे का, हे पेशीसंवर्धनाने कळते (→ ऊतक संवर्धन).

महत्त्व : बरे झाल्यावर पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांपासून संसर्ग पसरल्याचा पुरावा २०२०च्या दक्षिण कोरियातील पाहणीत मिळाला नाही. भारतात ८ मे २०२०च्या सुधारित धोरणानुसार सौम्य व मध्यम रुग्णांसाठी ही चाचणी वगळण्यात आली. गंभीर रुग्णांसाठी लक्षणे ओसरल्यावर एक निगेटिव्ह चाचणी आवश्यक राहिली (पहा : राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, पुणे).